पुलाची वारंवारता उतरली: उन्हाने की तड्याने?

पुलावरच्या अॅक्सेलरोमीटरच्या (कंपन मोजणाऱ्या यंत्राच्या) नोंदीत पहिल्या मोडची (पूल ज्या ठरावीक आकारांत हलतो, त्यांतल्या सर्वांत संथ आकाराची) नैसर्गिक वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, ४.०० हर्ट्झवरून ३.९४ वर आली, तर काळजी करायची का? नुसत्या या आकड्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. वारंवारता ताठरतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणून वस्तुमान तेच असेल तर दीड टक्क्याची ही घट ताठरता तीन टक्क्यांनी कमी झाल्याची खूण आहे. ती तड्यामुळे कमी झाली की उन्हामुळे, हे शोधायचं. तापलं की काँक्रीट थोडं मऊ पडतं आणि डांबर तर खूपच.

ऊन किती फसवतं ते स्वित्झर्लंडच्या झेड-२४ पुलाने दाखवलं. बर्न-झ्युरिच महामार्गावरून जाणारा १४, ३० आणि १४ मीटर गाळ्यांचा हा पूल पाडायचाच होता. त्याआधी १९९७-९८ मध्ये जवळपास वर्षभर त्याची कंपनं मोजली आणि शेवटी त्याला मुद्दाम इजा केली: एक खांब टप्प्याटप्प्याने ९५ मिलिमीटरपर्यंत खाली घेतला, काँक्रीट दाबून धरणाऱ्या पूर्वताणाच्या तारा कापल्या. पूल धडधाकट असतानाच पहिल्या चार वारंवारता १४ ते १८ टक्क्यांच्या पट्ट्यात हलल्या होत्या. पारा शून्याखाली गेला की डांबर कडक होई आणि आलेख तिथे एकदम वर वळे. खांब खचवून झालेली घट या पट्ट्यापेक्षा लहान होती.

फरक ओळखायचा तो परतीवरून. उन्हाने उतरलेली वारंवारता पूल पुन्हा तेवढाच गार झाला की जागेवर येते, तड्याने उतरलेली येत नाही. दुसरी खूण मोडमध्ये सापडते. ऊन बहुधा सगळे मोड एकत्र खाली ओढतं. तडा मात्र निवड करतो: साध्या टेकूवरच्या गर्डरला बरोबर मध्यावर तडा गेला तर पहिला मोड उतरतो, दुसरा जवळजवळ हलत नाही, कारण दुसऱ्या मोडमध्ये तिथे वाकच नसतो. या दुसऱ्या खुणेवर एकटीवर विसंबू नये. थंडीत अडकलेलं बेअरिंगही (पूल खांबावर टेकतो तिथला सरकता आधार) काही मोडच निवडून बदलतं.

‘तेवढाच गार’ हे हवेच्या तापमानावरून ठरवणं ही नेहमीची चूक. सकाळी दहा आणि रात्री दहाला हवा सारखी असली, तरी रात्री काँक्रीटच्या पोटात दिवसाची ऊब असते. थर्मोकपल (तापमान मोजणारे संवेदक) डांबरात, वरच्या स्लॅबमध्ये, गर्डरच्या उभ्या भिंतीत आणि तळाशी बसवावेत, आणि तापमानावरून वारंवारता सांगणाऱ्या समीकरणात आधीच्या काही तासांची तापमानंही घ्यावीत. नोंद किमान दहा मिनिटांची असावी. एका मिनिटाच्या नोंदीत वर्णपटाच्या (कोणत्या वारंवारतेला कंपन किती, हे दाखवणाऱ्या आलेखाच्या) दोन रेघांमधलं अंतर ०.०१७ हर्ट्झ असतं, दहा मिनिटांत ते ०.००१७ वर येतं.

मग मोजलेल्या वारंवारतेतून समीकरणाने सांगितलेली वजा करायची आणि उरलेला फरक ९५ टक्क्यांच्या पट्ट्यात (धडधाकट पुलाचे ९५ टक्के फरक ज्यात पडतात त्यात) राहतो का, ते पाहायचं. एखादा ठिपका बाहेर गेला तर थांबा. ठिपके दिवसेंदिवस एकाच बाजूला बाहेर पडू लागले तर पुलाखाली माणूस पाठवा.

समीकरण बसवायला पूर्ण वर्षाची नोंद लागते. फक्त उन्हाळ्याच्या आकड्यांवर बसवलेलं समीकरण पहिल्याच गोठणाऱ्या रात्री खोटा इशारा देतं. याहून घातक म्हणजे आधाररेषा, म्हणजे तुलनेचं हे समीकरण, दर महिन्याला आपोआप नवी करणं: हळूहळू वाढणारा तडा तिच्यातच मुरतो आणि फरक शून्यच दिसत राहतो.