कमी बजेटमध्ये चांगला हेडफोन: बॉक्सवरचे कुठले आकडे बघायचे आणि कुठले सोडून द्यायचे

छोट्या म्युझिक प्लेयरसाठी हेडफोन घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न पैशाचा येतो, आणि त्यातून आपण धरूनच चालतो की जितका महाग तितका आवाज चांगला. हे खरं नाहीये, आणि हे नुसतं मत नाहीये. 2017 साली येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने 283 हेडफोन-इअरफोनची मोजमापं आणि त्यांच्या किमती समोरासमोर ठेवून तपासल्या, तर फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (म्हणजे कुठला सूर किती जोरात वाजतो त्याचा आलेख) आणि किंमत यांचा काही संबंधच सापडला नाही. महागात मटेरियल चांगलं असेल, गादी मऊ असेल, ब्रँडचं नाव असेल, ते सगळं असू शकतं, पण आवाज बरोबर असेलच असं किमतीवरून सांगता येत नाही. म्हणून मला मनापासून वाटतं की कमी बजेटवाल्याने नाराज व्हायचं काही कारण नाही, त्याने फक्त नीट निवड करायला शिकावं.

आता बॉक्स हातात घ्या. सगळ्यात मोठ्या अक्षरात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं 20 ते 20,000 हर्ट्झ (सेकंदाला किती कंपनं ते), कुठे 5 ते 40,000. हा आकडा सरळ सोडून द्या. माणसाला तरुणपणी साधारण 20 ते 20,000 ऐकू येतं आणि वय वाढतं तशी वरची मर्यादा खाली येत जाते, त्यामुळे 40,000 चा उपयोग कोणालाच नाही, आणि मुख्य म्हणजे त्या टोकाला आवाज किती डेसिबलने पडलेला आहे हे बॉक्सवर सांगितलेलंच नसतं. ते सांगितलं नाही तर त्या रेंजला काही अर्थ राहत नाही. तसंच आत ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) किती आहेत, एक का पाच, यावरूनही काही ठरत नाही, एकच ड्रायव्हर नीट ट्यून केलेला असेल तर तो पाचांना मागे टाकू शकतो.

बघायचे आकडे दोनच: इम्पीडन्स आणि सेन्सिटिव्हिटी. इम्पीडन्स म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते, तो ओहममध्ये असतो, आणि सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठराविक पॉवर दिली की किती डेसिबल आवाज निघतो ते. छोट्या प्लेयरची अडचण अशी की त्याच्यातून निघणारं व्होल्टेज मर्यादित असतं. समजा ते अर्धा व्होल्ट आहे. 32 ओहमच्या हेडफोनला त्यातून जवळपास 8 मिलिवॅट मिळतात, आणि सेन्सिटिव्हिटी 100 डेसिबल प्रति मिलिवॅट असेल तर आवाज 109 डेसिबलपर्यंत जाऊ शकतो, भरपूर झाला. तोच प्लेयर 300 ओहमच्या हेडफोनला लावला तर सेन्सिटिव्हिटी तितकीच असूनही एक मिलिवॅटसुद्धा पूर्ण मिळत नाही आणि आवाज 99 च्या आसपास अडकतो. 99 म्हणजे कमी कुठे, असं वाटेल, पण हा आकडा सगळ्यात जोरातल्या क्षणाचा आहे आणि ज्या रेकॉर्डिंगमध्ये हळू आणि जोरातला फरक मोठा असतो तिथे सरासरी आवाज याच्या 20 डेसिबल खाली असू शकतो, मग आजूबाजूला जरा गोंगाट असला की व्हॉल्युम शेवटाला नेऊनही पुरत नाही. म्हणजे छोट्या प्लेयरला 16 ते 32 ओहम आणि 100 डेसिबल प्रति मिलिवॅटच्या पुढची सेन्सिटिव्हिटी असलेला हेडफोन घेतला की वेगळा अॅम्प (आवाजाला जोर देणारं यंत्र) घ्यायची गरज पडत नाही आणि तेवढे पैसे वाचतात.

इथे एक गोष्ट नीट बघा, सेन्सिटिव्हिटी दोन प्रकारे लिहितात, प्रति मिलिवॅट आणि प्रति व्होल्ट, आणि 32 ओहमला या दोन आकड्यांत 15 डेसिबलचा फरक पडतो. एकावर प्रति व्होल्ट 115 लिहिलंय आणि दुसऱ्यावर प्रति मिलिवॅट 100, तरी दोन्ही अगदी सारखे असू शकतात!

प्लेयरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स (म्हणजे त्याच्या आतलाच अडथळा) पण असतो. ढोबळ नियम असा की तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी हवा. साध्या एका ड्रायव्हरच्या इअरफोनला फारसं बिघडत नाही, पण अनेक ड्रायव्हरवाल्या काही इअरफोनचा इम्पीडन्स सुरागणिक बदलतो, कुठे 8 ओहम तर कुठे 40, आणि प्लेयरचा 10 ओहम असेल तर या दोन जागांमध्ये तब्बल 5 डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे बनवणाऱ्याने ट्यून केलेला आवाज तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

आता आवाज "बरोबर" म्हणजे काय? आपली कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका बाजूने उघडी, दुसऱ्या बाजूला पडदा, त्यामुळे ती 3,000 हर्ट्झच्या आसपास आपोआप घुमते आणि तिथला आवाज वाढवते. आपला मेंदू आयुष्यभर हेच ऐकत आलाय. इअरफोन नळीच्या आत बसला की हे नैसर्गिक घुमणं बिघडतं, म्हणून चांगल्या इअरफोनला तिथे मुद्दाम उठाव द्यावा लागतो. हर्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी बऱ्याच लोकांना ऐकवून लोकांना कसा आवाज आवडतो त्याचा आलेख तयार केला, त्यातही हा उठाव आहे आणि खाली थोडा जास्त बेस आहे. आज हेडफोन मोजणारे बरेच लोक त्याच्याशी तुलना करतात, त्यामुळे घ्यायच्या आधी त्या मॉडेलचं मोजमाप कुठे मिळतंय का ते जरूर शोधा. स्वस्त मालात नेहमीचा दोष म्हणजे बेस इतका फुगवलेला की गाणाऱ्याचा आवाज त्याच्यामागे दबतो. तुम्हाला पाठ असलेलं एखादं गाणं लावा आणि शब्द स्वच्छ कळतात का, बेसमधले सूर वेगवेगळे ऐकू येतात का की नुसती धडधड होते, एवढं ऐका.

पण दोन हेडफोन ऐकताना दोन्हीचा व्हॉल्युम सारखा केल्याशिवाय तुलना करू नका. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी जाणवतात, व्हॉल्युम वाढला की बेस भरलेला वाटतो. त्यामुळे जो हेडफोन नुसता जोरात वाजतो तोच चांगला वाटायला लागतो आणि चुकीचा घेतला जातो.

आणि हे सगळं करूनही इअरफोन कानात घट्ट बसला नाही तर सगळं वाया. नळी बंद झाली तरच बेसचा दाब आत टिकतो, बारीकशी फट राहिली तरी बेस निसटतो आणि आवाज पत्र्यासारखा पातळ होतो. बेस कमी आहे अशी तक्रार असेल तर आधी हलकेच आत दाबून बघा, दाबल्यावर बेस आला तर दोष इअरफोनचा नाही, टिपचा (कानात जाणाऱ्या मऊ टोपणाचा) आहे. सोबत मिळणाऱ्या सगळ्या साइज लावून बघा, दोन्ही कानांना वेगवेगळी साइज लागू शकते. फोमच्या टिप स्वस्त असतात आणि कधीकधी नव्या इअरफोनपेक्षा जास्त फरक त्याच पाडतात.

घट्ट बसण्याचा दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बाहेरचा गोंगाट आत आला की आपण नकळत व्हॉल्युम वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावं, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 83 ला 20 तास, 86 ला 10 तास, 89 ला फक्त 5. आतल्या कानाच्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. प्रवासात ऐकणार असाल तर कान बंद करणारा इअरफोन किंवा क्लोज्ड (मागून बंद) हेडफोनच घ्या, ओपन (मागून उघडा) हेडफोन मोकळा आणि छान वाजतो पण तो शांत खोलीसाठी आहे.

टिकाऊपणाचं थोडक्यात सांगतो: केबल बहुतेक वेळा पिनजवळ नाहीतर कानाजवळ तुटते, म्हणून सुटी होणारी केबल असलेलं मॉडेल बजेटमध्ये बसत असेल तर तेच घ्या, केबल गेली म्हणून अख्खा हेडफोन टाकावा लागत नाही. आणि आवाजात थोडी कमीजास्त उरलीच तर प्लेयरमधला इक्वलायझर (वेगवेगळे सूर कमीजास्त करायची सोय) वापरा, तो फुकट आहे, फक्त जे जास्त वाटतंय ते कमी करा, कमी वाटणारं वाढवायचंच असेल तर आधी एकूण प्रीअॅम्प (सगळ्या आवाजाची पातळी) तितकाच खाली घ्या, नाहीतर जोरातल्या जागी आवाज फाटतो.