‘सत्तरीनंतर झडप बदलत नाहीत’ : हे आता खरं नाही

ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय : ‘हृदयाची झडप खराब म्हणजे छाती उघडणार. या वयात कशाला? गोळ्यांवर राहू द्या.’ काळजीपोटीच सांगतात, पण या सल्ल्याने माणसं जातात.

हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप वयानुसार कॅल्शियम साचून कडक होते. चालताना धाप लागते, छातीत दुखतं, चक्कर येते. अशी आकसलेली झडप कोणतीही गोळी उघडत नाही. त्रास सुरू झाल्यावर झडप बदलली नाही, तर साधारण निम्मे रुग्ण दोन वर्षंही काढत नाहीत.

१६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रूआँ शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता पहिल्यांदा माणसाला झडप बसवली. हीच ‘टावी’ (TAVI), म्हणजे नळीवाटे महाधमनीची झडप बसवणं. बहुतेकदा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. धातूच्या जाळीत गायीच्या किंवा डुकराच्या हृदयावरणाची झडप शिवलेली असते, तीही घडी करून. जागेवर ती उलगडते. जुनी झडप काढतच नाहीत, नवी तिला कडेला दाबून बसते आणि हृदय धडधडतच राहतं! सुरुवातीला हे शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांसाठीच होतं. २०१९ मध्ये अमेरिकेत कमी जोखमीच्या रुग्णांसाठीही मान्यता मिळाली.

सगळ्यांना मात्र टावी चालत नाही. काहींना नंतर पेसमेकर लागतो, तरुणांना अनेकदा शस्त्रक्रियाच योग्य. हे सीटी स्कॅन आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहून डॉक्टरांनी ठरवायचं, कट्ट्यावर नाही.