एकाच ऑपेराचे अनेक संच: ध्वनिमुद्रित ऑपेराची पार्श्वभूमी

पाश्चात्य अभिजात संगीताचे चाहते नुकत्याच घेतलेल्या अल्बमांविषयी बोलू लागले की त्रयस्थाला एक गोष्ट हमखास चमत्कारिक वाटते. ज्याच्या कपाटात संगीतकार पुच्चिनीच्या ‘तोस्का’ या ऑपेराचे तीन ध्वनिमुद्रित संच आधीच आहेत, तो चौथा विकत घेतो आणि मग चारही संचांतल्या दुसऱ्या अंकावर तावातावाने बोलतो. याला केवळ संग्रहाचा हव्यास म्हणता येणार नाही. ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारे नाटक, चारशे वर्षांचा आहे. पण तो घरी बसून ऐकण्याची आणि दोन प्रयोग शेजारी ठेवून ताडून पाहण्याची सोय जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे. या काळात ध्वनिमुद्रणाचे माध्यम बदलत गेले, तसा रसिकांच्या वादाचा विषयही बदलला. आज ऐकू येणारे बहुतेक मतभेद अशाच कुठल्या तरी माध्यमाच्या काळात जन्मलेले आहेत.

मुळात ऑपेरा ही प्रत्यक्ष पाहण्याची गोष्ट होती. याकोपो पेरीचा ‘एउरिदिचे’ १६०० मध्ये फ्लॉरेन्सला झाला, माँतेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ १६०७ मध्ये मांतुआच्या दरबारात झाला, आणि १६३७ मध्ये व्हेनिसला तिकीट काढून जाता येईल असे पहिले ऑपेरागृह उघडले. त्यानंतरची अडीचशे वर्षे एखाद्या गायिकेची कीर्ती ऐकलेल्यांच्या आठवणीवर आणि वर्तमानपत्री वर्णनांवरच टिकून होती. आधीच्या पिढीचा आवाज खरोखर कसा होता, हे पडताळून पाहण्याचा मार्गच नव्हता.

तो मार्ग निघाला १९०२ मध्ये. ग्रामोफोन कंपनीचा मुद्रक फ्रेड गाइसबर्ग याने ११ एप्रिल रोजी मिलानच्या ग्रँड हॉटेलातील एका खोलीत एन्रिको कारुसो या तरुण तेनोरची (उंच पट्टीच्या पुरुष गायकाची) दहा गाणी शंभर पौंड मानधनावर मुद्रित केली. सव्वा वर्षापूर्वी संगीतकार वेर्दीने याच हॉटेलात शेवटचा श्वास घेतला होता. कारुसोचा आवाज मुद्रणयंत्राच्या भोंग्याला विलक्षण मानवला. स्त्रियांचे उंच स्वर आणि व्हायोलिने तेव्हा किरटी उमटत, पुरुषांचा भरदार मध्यम पट्टीतला आवाज मात्र बऱ्यापैकी शाबूत राहत असे. हाच गाइसबर्ग त्याच वर्षी कलकत्त्यात आला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने गायिका गौहर जान यांची ध्वनिमुद्रिका काढली. पुढे बालगंधर्वांची पदे तीन मिनिटांच्या तबकडीवर घरोघर पोचली आणि नाट्यगृहातला ‘वन्स मोअर’ हवा तितक्या वेळा मिळू लागला. इटलीतल्या आरियांचे (ऑपेरातल्या एकल गाण्यांचे) आणि महाराष्ट्रातल्या नाट्यपदांचे संग्राहक एकाच यंत्राने, जवळपास एकाच काळात घडवले, हे आपल्याकडे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

त्या काळी विकत घेतली जात होती ती गाणी, ऑपेरा नव्हे. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटे मावत. चार तासांचा वाग्नरचा ‘ट्रिस्टान’ मुद्रित करायचा, तर साध्या हिशेबाने साठीच्या आसपास बाजू लागल्या असत्या. तरीही इटलीत १९०३ मध्ये वेर्दीचा ‘एर्नानी’ चाळीस एकतर्फी तबकड्यांवर काढण्याचे धाडस झाले. सर्वसाधारण ग्राहक मात्र लोकप्रिय आरियाच घेत असे, आणि त्यासाठी चांगली किंमतही मोजत असे. अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने १९०८ मध्ये काढलेले ‘लुचिया’ या ऑपेरातील सहा गायकांचे गीत एका तबकडीला सात डॉलर या भावाने विकले गेले. ‘जुन्या पिढीचे गळे आता राहिले नाहीत’ हा आजही ऐकू येणारा सूर याच तबकड्यांतून निघाला आहे. त्यात तथ्य आहेच; पण प्रत्येक गायकाच्या उत्तम चार मिनिटांची तुलना आजच्या गायकाच्या संपूर्ण रात्रीशी केली जाते, हे विसरले जाते.

प्रत्यक्ष प्रयोगाचा आवाज टिपण्याची ओढही तितकीच जुनी आहे. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल लायनेल मेपलसन याने १९०१ ते १९०३ या काळात चालू प्रयोगांचे तुकडे मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून ठेवले. त्यांत खरखरीखाली आवाज शोधावा लागतो, पण मागे टाळ्या आहेत आणि रंगमंच आहे. बंद खोलीतले निर्दोष गाणे की रंगमंचावरचे जिवंत गाणे, हा वाद तिथूनच सुरू होतो.

विद्युत मुद्रण १९२५ मध्ये आले. भोंग्याऐवजी मायक्रोफोन आला, वाद्यवृंद पहिल्यांदा ओळखू येऊ लागला आणि संपूर्ण ऑपेराला थोडा अर्थ आला. इंग्लंडमध्ये ग्लाइंडबोर्न येथे १९३४ मध्ये खाजगी मालकीच्या छोट्या नाट्यगृहात ऑपेरा महोत्सव सुरू झाला आणि फ्रिट्झ बुश यांच्या वाद्यवृंद-संचालनाखाली मोत्सार्टचे तीन ऑपेरा १९३४ ते १९३६ या काळात मुद्रित झाले. आगाऊ वर्गणी भरणाऱ्या सभासदांना पुठ्ठ्याच्या जाड बांधणीतले खंड मिळत. त्यांतल्या ‘फिगारो’च्या संचातून बोलण्यासारखे गायचे संवाद वगळले होते, कारण प्रत्येक बाजूची किंमत होती. तरीही रसिकांच्या दृष्टीने हा मोठा पालट होता. इतके दिवस ‘कारुसोची तबकडी’ मागितली जाई. आता ‘बुशचा फिगारो’ म्हटले जाऊ लागले. संच संचालकाच्या नावाने ओळखण्याची रीत रुळली ती अशी.

खरा स्फोट झाला तो एलपीने. कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांची तबकडी बाजारात आणली. एका बाजूवर वीसहून अधिक मिनिटे मावू लागली आणि एक संपूर्ण ऑपेरा दोन-तीन तबकड्यांत, संहितेच्या पुस्तिकेसह, खोक्यात बसू लागला. चुंबकीय फितीमुळे कापणे-जोडणेही शक्य झाले. ऑगस्ट १९५३ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात मारिया कॅलास, ज्युसेप्पे दि स्तेफानो आणि तितो गॉब्बी या गायकांचा ‘तोस्का’ व्हिक्टर दे साबाता यांच्या संचालनाखाली, वॉल्टर लेग या निर्मात्याने मुद्रित करवला. मुद्रण एकध्वनी, म्हणजे मोनो आहे. तरी ‘तोस्का’चा कुठलाही नवा संच आला की पहिली तुलना याच्याशी होते, आणि माझ्या मते ती योग्यच आहे. दुसऱ्या अंकात कॅलास आणि गॉब्बी ज्या रीतीने एकमेकांची वाक्ये तोडतात, त्यासाठी डोळ्यांपुढे रंगमंच असण्याची गरज उरत नाही.

याच लेगच्या देखरेखीखाली वर्षभर आधी, १९५२ मध्ये, लंडनला फुर्टव्हेंग्लर यांच्या संचालनाखाली ‘ट्रिस्टान’ मुद्रित झाला. नायिका इझोल्डेच्या भूमिकेत किर्स्टन फ्लॅगस्टाड होत्या. त्यांचे वय तेव्हा पन्नाशी ओलांडून गेले होते, आणि दुसऱ्या अंकातले दोन अतिउंच स्वर त्यांच्याऐवजी एलिझाबेथ श्वार्ट्‌झकॉफ यांनी गायले. ही गोष्ट बाहेर फुटली तेव्हा फ्लॅगस्टाड फार दुखावल्या. रसिकांत त्यावरून दोन तट पडले, ते अजून मिटलेले नाहीत. एकाच्या मते ही चक्क फसवणूक होती. दुसऱ्याच्या मते मुद्रण ही स्वतंत्र कला असून तिला रंगमंचाचे नियम लागू नाहीत.

दुसऱ्या मताला सर्वांत भक्कम आधार दिला डेक्का कंपनीचा निर्माता जॉन कलशॉ याने. स्टीरिओ तबकड्या १९५८ मध्ये बाजारात येत होत्या, आणि त्याच शरद ऋतूत व्हिएन्नाच्या सोफियनझाल या जुन्या सभागृहात गेऑर्ग सोल्टी आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक यांनी ‘राइनगोल्ड’चे, म्हणजे वाग्नरच्या ‘रिंग’ या चार ऑपेरांच्या मालिकेतल्या पहिल्या भागाचे, मुद्रण केले. वाग्नरने स्वरलिपीत अठरा ऐरणी लिहिल्या आहेत, आणि कलशॉने त्या खरोखर मिळवून वाजवल्या. पुढची सात वर्षे हे काम चालले आणि १९६५ मध्ये ‘रिंग’चे चारही भाग पुरे झाले. फ्लॅगस्टाड यांनी ‘राइनगोल्ड’मध्ये फ्रिकाची भूमिका गायली, हा कलशॉचा आणखी एक चतुर डाव. गायक डावीकडून उजवीकडे चालत जाताना ऐकू येणे ही तेव्हा नवलाई होती. आज काहींना त्या मुद्रणातली गडगडाटाची हौस जरा जास्त वाटते. मलाही वाटते; पण ‘रिंग’ घरात नेण्याचा रस्ता याच संचाने बांधला, हे नाकारता येत नाही.

याच्या नेमके उलटे आकर्षण चोरून केलेल्या मुद्रणांचे. एडवर्ड जे. स्मिथ हा अमेरिकी माणूस १९५६ पासून ‘गोल्डन एज ऑफ ऑपेरा’ या नावाने आकाशवाणी-प्रक्षेपणांच्या आणि प्रयोगांच्या तबकड्या ओळखीच्या ग्राहकांना विकत असे. कॅलास यांच्या लिस्बनमधील मार्च १९५८ च्या ‘त्राव्हियाता’ची ध्वनिफीत अशीच हातोहाती फिरली आणि पुढे कॅलास यांच्या मुख्य ध्वनिमुद्रण कंपनीला ती अधिकृतपणे काढावी लागली. स्टुडिओत कॅलास यांनी ‘कारमेन’ गायली, ती भूमिका रंगमंचावर कधीच केली नाही. लिस्बनमध्ये मात्र खोकणारे प्रेक्षक आहेत आणि आवाजात जोखीम आहे. या दोन कॅलासपैकी खरी कोणती, हा प्रश्न जाणकारांच्या बैठकीत हमखास निघतो.

मुंबईच्या श्रोत्याला हा वाद बहुतांशी तबकड्यांवरूनच कळला. गिरगावातले रॉयल ऑपेरा हाऊस १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उघडले, पण ते लवकरच नाटकांचे आणि मग चित्रपटांचे झाले. ऑपेरा राहिला तो वस्तीच्या नावापुरता. जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा मूळच्या गोमंतकीय कुटुंबातल्या सोप्रानो (उंच पट्टीच्या गायिका) पॅट्रिशिया रोझारिओ तेथे गायल्या. काळा घोडा भागातले ऱ्हिदम हाऊस हे दुकान, जिथे असे संच चाळायला मिळत, त्याच वर्षी बंद झाले. आता न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटनचे प्रयोग नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रामध्ये पडद्यावर दाखवले जातात. ते चित्रण २००६ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाले, आणि त्यामुळे कॅसेट-सीडीच्या काळात मागे पडलेला अभिनयाचा मुद्दा पुन्हा चर्चेत आला.

सीडी १९८२ मध्ये आली आणि तिने अंकाच्या मध्येच बाजू उलटण्याचा त्रास संपवला. जुने संच तिच्यावर पुन्हा निघू लागले, तसा नव्या संचाला एक अवघड प्रतिस्पर्धी मिळाला: त्याच दुकानात, कमी किमतीला, कॅलास. त्यातच निकोलाउस हार्नोंकोर्ट यांच्यासारख्या संचालकांनी जुन्या काळची वाद्ये वापरून माँतेव्हेर्दी आणि मोत्सार्ट वेगळ्या गतीने, वेगळ्या पट्टीत ऐकवले, आणि बुशच्या ‘फिगारो’वर वाढलेल्यांना आपलाच ऑपेरा अनोळखी वाटू लागला. मोठ्या वाद्यवृंदासह संपूर्ण ऑपेरा स्टुडिओत करणे मात्र परवडेनासे झाले. प्लासिदो दोमिंगो यांचा, अँटोनियो पापानो यांच्या संचालनाखालचा ‘ट्रिस्टान’ २००५ मध्ये आला, तेव्हा असा संच बहुधा शेवटचाच, असे सर्वत्र लिहिले गेले.

तो शेवटचा ठरला नाही, हे पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’वरून दिसते. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी १९७२ मध्ये लंडनला ‘तुरांदोत’ मुद्रित केला, त्यात जोन सदरलँड, माँसेरात काबाये आणि लुचानो पावारोत्ती होते. सदरलँड यांनी तुरांदोतची भूमिका रंगमंचावर कधीच केली नाही, आणि तरीही अनेकांना तीच राजकन्या आदर्श वाटते. यातलेच पावारोत्ती यांचे ‘नेस्सुन दोर्मा’ १९९० च्या फुटबॉल विश्वचषकात बीबीसीने वापरले, आणि अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी रोममध्ये मेहतांच्याच संचालनाखाली तीन तेनोर एकत्र गायले. पन्नास वर्षे ‘तुरांदोत’च्या चर्चेत याच संचाचा शब्द अखेरचा मानला गेला. मग २०२३ मध्ये पापानो यांनी सोंद्रा राद्वानोव्स्की आणि योनास काउफमान यांच्यासह नवा संच काढला. पुच्चिनी १९२४ मध्ये हा ऑपेरा अपुरा ठेवून गेले होते. संगीतकार फ्रांको अल्फानो यांनी लिहिलेला शेवट संचालक तोस्कानिनी यांनी छाटला, आणि बहुतेक संचांत तो छाटलेलाच ऐकू येतो. पापानो यांनी अल्फानोचा मूळ, लांब शेवट घेतला आहे. त्यामुळे मेहतांचा संच ज्यांच्याकडे आहे, तेही हा नवा संच घेत आहेत, आणि ती वाढीव मिनिटे तोस्कानिनी यांनी कापली हे बरे केले की वाईट, यावर आता भांडत आहेत.