पन्हळ तुंबून घरात पाणी आलं, तर घराच्या विम्याचा दावा कसा करायचा?

बडोद्यात ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी वस्त्यांत शिरली. नदीचं पाणी घरात आलं की विमा आठवतो. पण दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या जुन्या घरांचं नुकसान बऱ्याचदा वरून होतं. पन्हळ पालापाचोळ्याने तुंबते, पाणी उलटं फिरून भिंतीत उतरतं आणि माळ्यापासून खालच्या कपाटापर्यंत सगळं भिजतं. अशा नुकसानीचाही दावा करता येतो. फक्त पाणी कशामुळे आलं, हे दाखवता आलं पाहिजे. दावा तिथेच टिकतो किंवा पडतो.

पॉलिसीत काय येतं

१ एप्रिल २०२१ पासून साधारण विमा (जनरल इन्शुरन्स) कंपन्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक मजकुराची पॉलिसी देतात. तिच्यात आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी भरणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं वा ओसंडणं अशा घटनांची यादी आहे. नुकसान त्यांपैकी एखाद्या घटनेमुळे झालेलं असावं लागतं.

पन्हळीचं नाव या यादीत वेगळं नाही. वादळात पन्हळ उखडली आणि पाणी आत आलं, किंवा मुसळधार पावसात पाणी साचून घरात शिरलं, तर दाव्याला आधार मिळतो. चार पावसाळे हळूहळू झिरपून भिंतीला ओल आली आणि पोपडे निघाले, तर तो देखभालीचा खर्च धरला जातो. गच्चीवरून उतरणारा पावसाचा पाइप ओसंडला, तर तो ‘पाइप’ या शब्दात बसतो की नाही यावर वाद होऊ शकतो. म्हणून आपल्या पॉलिसीतलं ते कलम आधीच वाचून ठेवा.

घर नीट राखणं ही विमाधारकाची जबाबदारी असते. माझ्या मते मे महिन्यात पन्हळ साफ करून घेणं, तिचे तारखेसह फोटो काढणं आणि कारागिराची पावती जपणं हीच दाव्याची पहिली कागदपत्रं आहेत. ‘हयगय झाली’ हा आक्षेप त्यांनीच खोडता येतो.

कोणाला घेता येते, किती रकमेची

घरमालकाला इमारतीचा आणि सामानाचा, दोन्हींचा विमा घेता येतो. भाडेकरूला फक्त आपल्या सामानाचा. मुदत १० वर्षांपर्यंत असू शकते. रक्कम ठरवताना जमिनीचा भाव धरत नाहीत. कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर, एवढंच गणित. ९०० चौरस फूट आणि दर २,००० रुपये असेल तर १८ लाख. इमारत आणि सामान दोन्हींचा विमा घेतला, तर सामानाला आपोआप इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं संरक्षण मिळतं. वरच्या उदाहरणात ते ३ लाख ६० हजार होतं. दागिन्यांसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

गृहकर्ज असेल तर बँकेत एकदा चौकशी कराच. कर्जाबरोबर पॉलिसी उतरवलेली असते आणि घरच्यांना तिचा पत्ता नसतो, असं होतं. तिच्यात बँकेचं नाव असेल, तर इमारतीच्या भरपाईवर बँकेचा हक्क आधी लागतो.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्ची आणि पावसाचे पाइप सहसा सोसायटीचे असतात. सोसायटीच्या सचिवांना लेखी कळवा आणि पोच घ्या.

पाणी आल्यावर

आधी मेन स्विच बंद करा. मग काही हलवण्यापूर्वी व्हिडिओ काढा: तुंबलेली किंवा तुटलेली पन्हळ, पाणी उतरल्याच्या खुणा, भिजलेली प्रत्येक वस्तू, उपकरणांचे मॉडेल नंबर. त्याच दिवशी कंपनीला फोन आणि ईमेल करून दावा क्रमांक मागून घ्या. आणखी नुकसान होऊ नये म्हणून ताडपत्री टाकायला हरकत नाही, तिचं बिल ठेवा. पण सर्वेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस, पाहून जाईपर्यंत भिजलेलं सामान भंगारवाल्याला देऊ नका.

दाव्याचा फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. त्यासोबत पॉलिसीची प्रत, ओळखपत्र आणि पॅन, महापालिकेचं वेरा (घरपट्टी) बिल किंवा घराचा दस्तऐवज, फोटो, सामानाची यादी, असतील तेवढी खरेदीची बिलं, दुरुस्तीचं अंदाजपत्रक आणि रद्द केलेला चेक जोडा. त्या दिवशीच्या पावसाचे आकडे छापलेलं वर्तमानपत्राचं कात्रणही लावा. फॉर्ममध्ये ‘गळती’ एवढंच लिहून सोडू नका. कोणत्या तारखेला, किती वाजता, कशा पावसात, पन्हळीचं नेमकं काय झालं आणि पाणी कुठून कुठे गेलं, हे लिहा. जे घडलं तेच लिहा. खोटी माहिती दिली तर पूर्ण दावा जाऊ शकतो.

दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्वेअर नेमणं, १५ दिवसांत त्याचा अहवाल मिळवणं आणि अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय देणं, अशा मुदती विमा नियामकाने २०२४ मध्ये कंपन्यांना घालून दिल्या आहेत. पूर आल्यावर सरकारी कर्मचारी मदतीसाठी जी पाहणी करतात ती वेगळी. तिथे नाव लागलं म्हणजे विम्याचा दावा नोंदला गेला, असं समजू नका.

दावा नाकारला तर

नकार लेखी आणि कारणासह मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा; विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमाधारकांच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. गुजरातसाठी त्यांचं कार्यालय अहमदाबादला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. लोकपालांनी निवाडा दिला तर कंपनीला तो ३० दिवसांत पाळावा लागतो.