बिट्वीन फक्त दोघांत? मग कृष्णेचा तंटा कोणात झाला?

परीक्षांचे दिवस आले की सांगली-साताऱ्याच्या क्लासमधून इंग्रजीचा एक नियम घोकून घेतला जातो: दोन असतील तर बिट्वीन, जास्त असतील तर अमंग. माझं स्पष्ट मत आहे की हा नियम अर्धवट आहे. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशात तो नोंदवला, पण हा काटेकोरपणा नेहमी पाळला जात नसावा, असंही तिथेच लिहिलं. ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश तर सांगतो की बिट्वीन अगदी सुरुवातीपासून दोनाहून अधिकांसाठी वापरात आहे.

कृष्णा पाणीतंटा लवाद 1969 मध्ये नेमला गेला. पुढे याच लवादाच्या, म्हणजे बच्छावत लवादाच्या, निवाड्यात महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि आंध्र प्रदेशाला 800 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आलं. राज्यं तीन, तरीही हा तंटा ‘बिट्वीन महाराष्ट्र, कर्नाटक अँड आंध्र प्रदेश’ असाच लिहायला हवा. महाराष्ट्राचं कर्नाटकाशी भांडण वेगळं, कर्नाटकाचं आंध्रशी वेगळं, महाराष्ट्राचं आंध्रशी वेगळं. तिघांत तीन जोड्या होतात, चौघांत सहा, पाचांत दहा. पक्षांची संख्या n धरली तर n(n-1)/2. या जोड्या ज्या नात्यात सुट्या दिसतात, तिथे बिट्वीन. म्हणजे प्रश्न संख्येचा नाहीच. प्रत्येक घटक नावानिशी उभा आहे की घोळक्यात मिसळलाय, एवढंच पाहायचं. अमंग हा शब्दच मुळात जुन्या इंग्रजीतल्या ‘गर्दीत, मिसळून’ अशा अर्थाच्या शब्दांतून आला.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची थप्पी बघा. खाली सांडलेली हळद पोत्यापोत्यांच्या फटीत जाऊन बसते. पोती पन्नास असली तरी ती हळद ‘बिट्वीन द सॅक्स’, कारण प्रत्येक फटीला या बाजूचं पोतं आहे आणि त्या बाजूचं आहे. पण त्याच गोदामात व्यापाऱ्याची वही कुठेतरी पोत्यांत हरवली, तर ती ‘अमंग द सॅक्स’. कुठल्या पोत्याजवळ, याला तिथे महत्त्व नाही.

पर्यायांचंही तसंच. दहावीनंतर आर्ट्स, कॉमर्स, सायन्स अशी नावं घेऊन निवडायचं असेल तर तिघांसाठीही बिट्वीन चालतं. जिल्ह्यातल्या कॉलेजांपैकी एखादं निवडायचं, तर अमंग किंवा नुसतं फ्रॉम. आपल्या ‘पैकी’त समूहातून एक उचलणं आहेच.

तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या जाहिरातींना असे दोन ओळींचे नियम फार सोयीचे पडतात. इंग्रजीच्या पुस्तकात छापलंय म्हणजे खरंच असणार, ही अंधश्रद्धाही सोडायला हवी. उत्तरपत्रिकेत गुणांसाठी क्लासचा नियम लिहा, हरकत नाही. पण अर्ज-पत्रं लिहिताना डोळ्यांसमोर चित्र आणा.

आपल्याकडची खरी चूक मला वेगळीच दिसते. ‘सायन्स की कॉमर्स’ या सवयीने मुलं ‘बिट्वीन सायन्स ऑर कॉमर्स’ लिहितात आणि ‘दहा ते बाराच्या दरम्यान’चं ‘बिट्वीन टेन टू ट्वेल्व्ह’ करतात. बिट्वीनला दोन्ही टोकं एकदम हवी असतात, म्हणून दोन्हीकडे अँडच येतो. ‘टू’ वापरायचा असेल, तर सुरुवात ‘फ्रॉम’ने करावी लागते.