गल्ली तीच, पोरं नवी

शिकागोत 1899 साली बाल न्यायालय सुरू झालं. पुढे क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या संशोधकांनी तिथे हजर केलेल्या हजारो मुलांचे पत्ते शहराच्या नकाशावर टिंबांनी मांडले आणि दर शंभर मुलांमागे किती कोर्टात गेली ते भागाभागाने काढलं. कारखान्यांना लागून असलेल्या, मोडकळीला आलेल्या भाड्याच्या घरांच्या पट्ट्यात प्रमाण सर्वांत जास्त निघालं. शहराबाहेर सरकावं तसं ते उतरत गेलं. 1900 ते 1933 या काळात त्या पट्ट्यातली माणसं पार बदलली. जर्मन, आयरिश गेले, पोलिश, इटालियन आले. प्रमाण मात्र चढंच राहिलं, आणि जी कुटुंबं बाहेर पडली त्यांच्या मुलांत ते घटलं. ‘त्यांची जातच तसली’ हे स्पष्टीकरण तिथेच निकालात निघालं.

एक सावधगिरी मात्र हवी. कोर्टाच्या यादीत पकडली गेलेलीच मुलं असतात. पुढे संशोधकांनी नाव न विचारता मुलांनाच त्यांनी केलेले गुन्हे विचारले, तेव्हा गरीब-श्रीमंत वर्गांतला फरक बराच आखडला. सुखवस्तू घरातल्या मुलाचं प्रकरण बरेचदा चौकीतच मिटतं. गरिबाच्या मुलाच्या नावावर नोंद होते आणि तीच पुढे नोकरीच्या आड येते.

मग टोळी कधी बनते? 1960 साली क्लोवर्ड आणि ओहलिन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी मांडलेला मुद्दा मला अजूनही सर्वांत पटतो: सरळ मार्ग बंद झाला म्हणून वाकडा आपोआप उघडत नाही. त्यालाही कुणाच्या हाताखाली शिकाऊ उमेदवारी करावी लागते, आणि ती देणारे मोठे लोक वस्तीत असावे लागतात. ते नसतील तिथे पोरं नुसती हद्दीवरून हाणामाऱ्या करतात किंवा नशेला लागतात.

मुंबईचं गिरणगाव घ्या. तिथे शाळा सुटलेला पोरगा बापाच्या ओळखीने बदली कामगार म्हणून, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, गिरणीच्या खात्यात शिरायचा आणि यथावकाश कायम व्हायचा. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एक लाखाहून अधिक नोकऱ्या गेल्या. मंडळं, व्यायामशाळा जागेवरच होत्या, वस्ती काही विस्कटलेली नव्हती. तुटली ती बदलीची पायरी. मटका आणि हातभट्टीचे धंदे मात्र आधीपासून रुजलेले होते. त्यांना अड्ड्यावर नजर ठेवायला, चिठ्ठ्या पोचवायला, मग वसुलीला पोरं लागत. बहुतेक पोरं तिकडे गेली नाहीत; मिळेल ते काम करत राहिली. टोळीला मूठभर पुरतात.

रोजगाराने खरंच फरक पडतो का, हे शिकागोत 2012 साली चिठ्ठ्या टाकून मुलं निवडून तपासलं गेलं. गरीब, हिंसाग्रस्त भागांतल्या 1,634 विद्यार्थ्यांपैकी काहींना उन्हाळ्यात आठ आठवडे किमान वेतनावर काम आणि सोबत एक मोठं माणूस मार्गदर्शक म्हणून दिलं. पुढच्या सोळा महिन्यांत त्यांच्या हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका इतरांपेक्षा 43 टक्क्यांनी कमी झाल्या. ही घट बहुतांशी काम संपल्यानंतरची होती, म्हणजे पोरं नुसती कामात अडकली होती म्हणून ती झालेली नाही. चोरीच्या गुन्ह्यांत मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.