नाक वर, विमान खाली

मे महिन्यातली दुपार. नागपूरला प्रतापनगरात बहिणीकडे कूलर धडधडत होता आणि भाचा संगणकावरच्या खेळात हॉर्नेट हे लढाऊ विमान विमानवाहू जहाजावर उतरवत होता. उतरवत कसला, जहाजाच्या मागच्या काठावर नेऊन आपटत होता. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, पण पोट्टा तासाभरात सात वेळा बुडाला.

"मामा, मी नाक वर ओढून राहिलो, तरी हे खालीच जाऊन राहिलं ना बाप्पा!"

"म्हणूनच जाऊन राहिलं. नाक सोड, थ्रॉटल धर."

थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा रेटा कमी-जास्त करायचा दांडा. त्याला ते पटेना, आणि त्यात त्याची चूक नाही. विमान खाली जातंय तर नाक वर करावं, हे कोणालाही वाटेल. वेगात उडताना ते बऱ्यापैकी चालतंही. जहाजावर उतरताना मात्र विमान मुद्दाम अगदी हळू आणतात, आणि हळू उडणाऱ्या विमानाचा हिशोब उलटा असतो.

हवेचा विरोध दोन प्रकारचा. एक हवा कापत जाण्याचा, तो वेगाबरोबर वाढतो. दुसरा उचल मिळवण्याची किंमत म्हणून मोजावा लागतो. वेग कमी झाला की तेवढंच वजन तोलायला पंखांचा हवेशी होणारा कोन वाढवावा लागतो आणि हा दुसरा विरोध वाढतो. वेग १० टक्के घटला, तर पहिला विरोध १९ टक्क्यांनी घटतो आणि दुसरा सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. मंद वेगात दुसऱ्याचाच वाटा मोठा, म्हणून एकूण विरोध वाढतो. थोडक्यात, आणखी हळू उडायचं तर इंजिनाचा रेटा जास्त लागतो. अशा वेळी नुसतं नाक ओढलं की विमान क्षणभर उचलल्यासारखं होतं, मग वेग गळतो, विरोध चढतो आणि ते आधीपेक्षा जोरात खाली येतं. भाच्याची सातही विमानं अशीच गेली.

म्हणून वैमानिक कामं वाटून घेतात. उजव्या हातातल्या काठीनं पंखांचा कोन सांभाळायचा (हॉर्नेटसाठी तो ८.१ अंश) आणि उंची डाव्या हातातल्या थ्रॉटलवर ठेवायची. जहाजाच्या डाव्या कडेला भिंगांची दिवेपट्टी असते. हिरव्या दिव्यांच्या ओळीत पिवळा गोळा मधोमध दिसला तर वाट बरोबर, खाली घसरून लाल झाला तर धोका. उतरणीचा कोन जेमतेम साडेतीन अंश. विमान थांबवायला जहाजावर आडव्या तारा ताणलेल्या असतात, त्यांतली एक विमानाच्या शेपटीखालच्या हूकनं पकडायची. हूक १ मीटर उंच राहिला तर तो १६ मीटर पुढे टेकतो, आणि मोठ्या अमेरिकी जहाजांवर दोन तारांमधलं अंतरच १२ मीटरच्या आसपास असतं. हातभर चुकीला एक तार हुकते ती अशी.

आता खरी गोम. जेट इंजिन हुकमासरशी रेटा देत नाही. आतली चाकं वेग घ्यायला वेळ लागतो आणि रेटा आल्यावरही घसरणारं जड विमान लगेच सावरत नाही. कूलरचा पंप सुरू केला तरी वाळ्याच्या ताट्या भिजेपर्यंत खोली तापलेलीच राहते, तसं. अधीर माणूस तेवढ्यात पंखाही फुल्ल करतो आणि नंतर गारठतो. भाचा हेच करत होता. गोळा खाली दिसला की पूर्ण रेटा, वर गेला की इंजिन एकदम मंद. इंजिन मंद पडलं की पुन्हा रेटा यायला आणखी उशीर. शेवटच्या पंधरा-अठरा सेकंदांत हा झोका आवरत नाही.

त्यावर उपाय म्हणजे वाढव, काढ, बसव. रेटा वाढवायचा, गोळा हलायला लागताच थोडा काढून घ्यायचा, मग मधल्या जागी बसवायचा. गोळा मधोमध पोचायची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. आमच्या जॉयस्टिकची गंमत वेगळीच होती. थ्रॉटलच्या खाचेत उन्हाळ्याची धूळ बसल्यानं तो मध्येच उड्या मारायचा. ती साफ केल्यावर निम्मं यश तिथेच मिळालं!

अमेरिकी नौदलानं सुपर हॉर्नेटमध्ये आता अशी संगणकप्रणाली घातली आहे की विमान पंखांच्या मागच्या झडपा हलवून उचल लगेच कमी-जास्त करतं, इंजिनाची वाट पाहत नाही. आपल्याकडे ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकरांनी नौदलाचं तेजस आयएनएस विक्रमादित्यवर तारेत अडकवून उतरवलं. त्या विमानात पंखांच्या पुढे लेव्हकॉन नावाचे हलते भाग आहेत, ते मंद वेगात जास्त उचल देतात.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर प्रवासी विमान उतरताना पाहा. जमीन जवळ आली की नाक किंचित उचलतं, इंजिन मंदावतं. धावपट्टी ३,२०० मीटर, घाई कशाला? जहाजावर मात्र चाकं टेकताच थ्रॉटल पूर्ण पुढे. हूक तारेत अडकला तर अडीच-तीन सेकंदांत विमान थांबतंच. नाही अडकला, तर तिरक्या डेकवरून पुन्हा उडायला तोच रेटा हवा. हे भाच्याला पटायला आणखी तीन विमानं बुडाली.

संध्याकाळी त्याला दुसरी तार मिळाली. विमान थांबलं, आजीनं चहाला हाक मारली, तरी त्याचा डावा हात थ्रॉटल पुढे रेटूनच होता.